जो हलला त्याचा चिंचोका गेला

शिट्टी वाजली तेव्हा अल्ताफची शिट्टी अल्ताफच्या खिशात होती.

लांबलचक, वर वर चढत जाणारी, कानात सुई घालणारी शिट्टी. ती ऐकली आणि दुसरी-तिसरीच्या वर्गातली पोरं जिथल्या तिथं थिजली. प्रेमची पेन्सिल 'घ'च्या पोटात अडकली. देवश्रीला शिंक येत होती, ती तिनं अर्ध्या वाटेवरून माघारी पाठवली. सगळ्यांचं बोट ओठावर. वर्गात आवाज म्हणून फक्त भिंतीवरच्या पालीचा, आणि तीही जरा दबूनच.

समोर खुर्चीत बसलेले विस्तार अधिकारी बब्रुवान सोनटक्के खूश झाले.

"वा! वा! अहो सर, तुम्ही तर शिट्टी तोंडालाही लावली नाही. रिमोट बसवलाय का काय?"

अल्ताफ हसला. हसू ओठापर्यंत आलं आणि तिथंच बसलं. त्यानं खिसा चाचपला. शिट्टी होती, गार होती. मग ही कुणाची?

ही शिट्टी आणि ते बोट समजायचं तर थोडं मागं जावं लागेल.

फटाके बनवणाऱ्या तेरखेड्याच्या पलीकडं काटेवस्ती आहे. या भागातली पोरं चालायच्या आधी वात लावायला शिकतात, असं बाहेरचे लोक म्हणतात. ते साफ खोटं आहे. आधी चालायलाच शिकतात. तर या वस्तीवरच्या शाळेत अल्ताफ शिक्षणसेवक म्हणून लागला, तेव्हा त्याचा वर्ग म्हणजे लोहाऱ्याच्या स्टँडवर शेवटची जीप लागल्यावर जो देखावा असतो, तो होता. तो मूळचा लोहाऱ्याचाच असल्यानं त्याला घरच्यासारखं वाटलं, पण शिकवता येईना. ओरडून पाहिलं, तर पोरं त्याच्याहून मोठ्यानं ओरडली. हात जोडून पाहिलं, तर पोरांनीही हात जोडले आणि प्रार्थना सुरू केली.

शेवटी त्याला डी.एड.चं पुस्तक आठवलं. त्यात एक कुत्रा होता, घंटा वाजली की लाळ गाळणारा. एक कबूतर होतं, दाणा मिळतो म्हणून बरोबर तीच कळ दाबणारं. वर्तन ही एक सवय असते आणि सवय लावता येते, असं त्या धड्याचं सार होतं. कबुतराला जमतं ते प्रेमला का जमू नये, या प्रश्नातून 'शिट्टी पॅटर्न' जन्माला आला.

पॅटर्न सोपा होता. शिट्टी वाजली की ओठावर बोट ठेवून पुतळा व्हायचं. सरांनी टाळी दिली की सुटायचं. नीट वागलं की चिंचोका मिळायचा, चुकलं की परत द्यायचा. वस्तीत चिंचेची झाडं इतकी की दुसऱ्याच दिवशी प्रेम टोपलंभर श्रीमंत होऊन शाळेत आला. मग अल्ताफनं बायकोची, म्हणजे यास्मिनची, लाल नेलपॉलिश आणून प्रत्येक चिंचोक्यावर ठिपका दिला. यास्मिन म्हणाली, "माझ्या बोटांना न्हाय पुरत, आन् तुम्ही चिंचोके नटवताय."

पण फरक पडला, हे शत्रूनंही कबूल करावं. फक्त अंड्याच्या दिवशी उगवणारा प्रेम रोज यायला लागला. देवश्री जोडाक्षरं वाचायला लागली. आणि आरजू गप्प झाली. ही हमिदाबीची पोरगी. ओढ्यापलीकडं फटाक्याची शेड होती, तिथं हमिदाबी कामाला जायची. आरजूची जीभ म्हणजे पूर्वी शाळेची दुसरी घंटा होती. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची म्हैस व्याली, गुरुजींच्या सदऱ्याचं कुठलं बटण तुटलं, सगळं न विचारता सांगायची. आता ती तासन्‌तास बोट ओठावर ठेवून बसायची आणि वर्गात सगळ्यात जास्त चिंचोके तिचे होते. अल्ताफ तिच्याकडं पाहायचा आणि त्याचा ऊर भरून यायचा.

मुख्याध्यापक नारायणराव मात्र निवांत नव्हते. ते तुळजापूरचे, तीन पिढ्या मास्तरकीतल्या. त्यांची छडी कायदा आल्यापासून वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलेली होती, एखाद्या निवृत्त अधिकाऱ्यासारखी.

"अल्ताफ सर," ते म्हणायचे, "माझ्या छडीला लोक धाक म्हणायचे. तुमच्या चिंचोक्याला मानसशास्त्र म्हणतात. नशीब असतं एकेकाचं."

"गुरुजी, छडीनं पोरगं पळून जायचं. चिंचोक्यानं येतंय."

"येतंय हो. पण अक्षराकडं येतंय का चिंचोक्याकडं?"

"आधी चिंचोक्याकडं येईल, मग अक्षराची गोडी लागेल. पुस्तकात तसंच आहे."

"आणि चिंचोका बंद झाल्यावर काय होतं, ते पान पुस्तकात आहे का, का वाळवीनं खाल्लं?"

ते पान अल्ताफनं परीक्षेला ऑप्शनला टाकलं होतं.

त्यातच भाद्रपदात एक भानगड झाली. उत्कर्षची आई अर्धी वस्ती घेऊन शाळेवर चालून आली. "माझ्या लेकराला तीनदा विष दिलं म्हणं मास्तरनं! तीनदा! कुठाय त्यो?" अल्ताफ मुतारीच्या मागं उभा राहिला. नारायणरावांनी पोराला पुढं बोलावून विचारलं तेव्हा उलगडा झाला. पोरं मैदानात विषामृत खेळतात. ज्याच्यावर राज्य, तो 'विष' म्हणून शिवला की थिजायचं, गड्यानं 'अमृत' म्हणून शिवलं की सुटायचं. सरांच्या शिट्टीनं थिजावं लागतं, म्हणून पोरांनी शिट्टीला विष म्हणायला सुरुवात केली होती. उत्कर्षनं घरी जाऊन एवढंच सांगितलं होतं की आज सरांनी तीनदा विष दिलं, पण मी टिकलो.

"मग सरळ सांगायचं की रं मुडद्या," असं म्हणत आईनं त्याला दोन धपाटे दिले आणि लोक पांगले. त्यानंतर अल्ताफनं मैदानातलं विषामृत बंद केलं. शाळेत विष एकच पाहिजे.

आता हा पॅटर्न बघायला सोनटक्के साहेब आले होते. आवडला तर केंद्रातल्या सगळ्या शाळांना लागू होणार होता. म्हणून अल्ताफनं आठवडाभर पोरांना पक्कं केलं. पक्कं करणं म्हणजे शिट्टी वाजवून पोरांना थिजवायचं आणि मग फसवायचं. सोमवारी तो ओरडला, "खिचडी आली!" दोघं हलले. मंगळवारी ओरडला, "साप! साप!" एक हलला. बुधवारी ओरडला, "आग लागली, पळा!" तेव्हा एकटा उत्कर्ष उठून दाराबाहेर पळाला. त्याचे सगळे चिंचोके गेले. तो दप्तरात डोकं खुपसून रडला. आणि मग अल्ताफनं शेवटचा खिळा ठोकला. "साहेब येतील त्या दिवशी एकही हलला नाही, एकही बोलला नाही, तर सगळ्यांना नळदुर्गची सहल. एक जरी हलला, तर सगळ्यांची रद्द."

हे ऐकून पोरांनी एकमेकांकडं असं पाहिलं की त्यापुढं नारायणरावांची छडी म्हणजे मोरपीस.

तर, शिट्टी वाजली होती आणि ती अल्ताफची नव्हती.

दुसरी वाजली. मग तिसरी, आणि तिच्या शेपटीला धडाम्.

"अरे, फटाके पण?" साहेब म्हणाले. "एवढा खर्च कशाला करायचा? शासनाचं धोरण साधेपणाचं आहे." पण बोलता बोलता त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. त्यांच्या मागं त्यांचाच भला मोठा फोटो असलेला फ्लेक्स होता. मागच्या खिडकीचे गज गंजले म्हणून वेल्डरकडं नेले होते, त्या भोकावर तो ताणून बांधला होता. फ्लेक्सवाल्यानं जुन्याच मजकुरात नाव बदललं असावं, कारण वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'भावपूर्ण स्वागत'.

पहिली-चौथीला आज सुट्टी देऊन नारायणराव दारात उभे होते. ते वळले. त्यांचा आवाज इतका हळू होता की अल्ताफला आधी त्याचीच भीती वाटली.

"अल्ताफ सर, ओढ्यापलीकडची शेड पेटलीय."

शुक्रवार होता. जुम्म्याला शेड बंद असायची, आत माणूस नव्हतं. एवढी एक गोष्ट वरच्यानं लावून दिली होती. बाकीच्या सगळ्या अल्ताफनं लावल्या होत्या.

दिवाळी तोंडावर आलेली. शेडमध्ये शिट्टी मारत जाणारे बाण ठासून भरलेले. ते आता पत्रा फोडून एकेक करत निघत होते आणि वाऱ्यानं शाळेकडं येत होते. एक मैदानात पडला आणि सापासारखा वळवळत गेला. दाराबाहेरच्या व्हरांड्याला खेटून गुंडाप्पानं आपल्या सोयाबीनची गंजी रचली होती. मळणी यंत्र आलं की नेतो, असं तो दसऱ्यापासून सांगत होता. वाळलेलं खणखणीत सोयाबीन, त्यावर ताडपत्री. आणि वर्गाला दार एकच.

"उठा!" अल्ताफ ओरडला. "पळा! आग लागलीय!"

कुणी हललं नाही.

"अरे खरंच लागलीय! उठा!"

प्रेमच्या डोळ्यांत हसू चमकलं. तेवढंच. बाकी तो दगड. त्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं, 'सर, बुधवारी फसलो न्हाय, आता काय फसतोय व्हय?' वीस जोडी डोळे अल्ताफकडं तसेच पाहत होते. प्रेमानं, अभिमानानं, नळदुर्गच्या आशेनं.

या पोरांना आग या शब्दावर बसून राहायला अल्ताफनंच शिकवलं होतं, आणि ती फार छान शिकली होती.

त्यानं टाळी वाजवली. टाळी म्हणजे सुटका. पण टाळी वाजायला आणि बाहेर धडाम् व्हायला एकच गाठ पडली. पुन्हा वाजवली, तर दोन बाण एकदम किंचाळले आणि ज्यांचं बोट ओठावरून जरा घसरलं होतं त्यांनी ते घाईनं परत लावलं. तो वाजवत राहिला. त्याच वेळी सोयाबीन वाचवायला गुंडाप्पा पळत आला, त्यानं दारातून आत पाहिलं आणि माणसं बोलवायला तसाच वस्तीकडं पळाला. पुढं तो आयुष्यभर चहाच्या टपरीवर शपथेवर सांगत राहिला, "शेड पेटलेली, आभाळ फुटतंय, आन् मास्तर पोरांपुढं उभं राहून टाळ्या वाजवतंय. म्या म्हणलं, गेलं. ह्येचं गेलं."

"सर, उत्कर्ष!" नारायणराव किंचाळले.

साहेबांना पाणी आणायला उत्कर्षला पाठवलं होतं. पहिली शिट्टी झाली तेव्हा तो तांब्या भरून व्हरांड्यात पोचला होता. तो तिथंच उभा होता. एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताचं बोट ओठावर, पाठीला गंजी. बुधवारी हलला म्हणून ज्याचं सगळं गेलं होतं, तो आज डोळ्याची पापणीही हलवत नव्हता. तेवढ्यात एक बाण ताडपत्रीवर येऊन पडला. काही क्षण बाणानं विचार केल्यासारखं केलं. मग ताडपत्रीला भोक पडलं आणि आतून सोयाबीन फुरफुरलं.

"पळ रे! उत्कर्ष, पळ! पाणी टाक!" अल्ताफ ओरडला.

आगीशेजारी भरला तांब्या घेऊन उभा असलेला तो पोरगा एक थेंबही सांडू देत नव्हता.

अल्ताफ व्हरांड्यात गेला तेव्हा गंजी पायऱ्यांवर ढासळत होती. मैदानाकडं जायला वाट राहिली नव्हती. त्यानं पोराला तांब्यासकट काखेत मारलं आणि मागं फिरला. जळतं काड उंबऱ्यावर येऊन पडलं. ते पायानं ढकलत त्यानं पत्र्याचं दार ओढलं, आतून दोन्ही हातांनी रेटलं आणि कडी घातली. तो पत्रा तव्यासारखा तापला होता, हे त्याला रेटताना कळलं नाही. कडी घालून हात मागं घेताना कळलं.

आता दार बंद. धूर मात्र फटीतून आत येत होता, पाहुण्यासारखा, आधी वाकून मग सरळ होत.

"खिडकी!" नारायणराव म्हणाले. त्यांनी कपाटावरची छडी ओढली, वर्तमानपत्र फेकलं आणि खुर्चीमागच्या फ्लेक्सवर सपकन ओढली. कितीतरी वर्षांनी बसलेला तो फटका साहेबांच्या नाकावर बसला. फोटोतल्या. फ्लेक्स टर्रकन फाटला आणि त्या भोकातून मागचं मैदान, चिंचेचं झाड, स्वच्छ ऊन असं सगळं दिसलं, जणू काही झालंच नव्हतं.

"साहेब, उतरा, बाहेर पोरं घ्यायला पाहिजे कुणीतरी!"

साहेब उतरले नाहीत. त्यांना कुणी शिट्टी शिकवली नव्हती, चिंचोका दिला नव्हता, तरी ते खुर्चीत अख्खे पुतळा झाले होते. फक्त त्यांचं बोट ओठाऐवजी फायलीवर होतं.

शेवटी साठीला टेकलेले नारायणराव धोतराचा काचा मारल्यासारखी पँट वर ओढून खिडकीतून बाहेर गेले. अल्ताफनं प्रेमला उचललं. प्रेम मांडी घालून बसला होता, तो हवेतही मांडी घालूनच राहिला. विसर्जनाला गणपती द्यावा तसा त्यानं तो खिडकीतून बाहेर दिला.

"घ्या गुरुजी!"

"आणा! अरे, हा वाकत का नाही?"

"नाही वाकणार तो! तसाच ठेवा!"

मग देवश्री. मग आणखी एक. प्रत्येक पोर लाकडाच्या ओंडक्यासारखं ताठ. धुरानं एक जण तोंड मिटून आतल्या आत खोकत होता, खोकला छातीत आदळून परत जात होता, पण बोट ओठावर. दाराच्या खालच्या फटीतून केशरी जीभ आत आली आणि भिंतीवरच्या तक्त्यांतला 'अ' पेटला. तिघं बाहेर होते. बाकी सगळे आत. अल्ताफनं हिशोब केला आणि तो त्याला आवडला नाही.

त्यानं चौथी म्हणून आरजूला उचललं. उचलताना त्याच्या तोंडून आवाज निघाला. त्याला तो थांबवता आला नाही. तळहाताची कातडी सोलवटली होती आणि आरजूच्या पांढऱ्या बाहीवर ओला डाग उमटला.

आरजूचे डोळे हलले. डागावर गेले, मग हातावर. मग, दोन महिन्यांत पहिल्यांदाच, न विचारता ती बोलली.

"सर. हात भाजलाय तुमचा."

"व्हय."

"खरा भाजलाय?"

"व्हय गं."

"म्हंजी पक्कं करणं न्हाय?"

"न्हाय गं माझे आई, न्हाय! खरी आग हाय!"

तिनं बोट ओठावरून काढलं. अल्ताफच्या कडेवरून ती खाली घसरली. शेजारी उत्कर्ष तांब्या धरून उभा होता. तिनं त्याच्या पाठीत सणसणीत चापट मारली.

"अमृत!"

उत्कर्षला झटका बसला. त्यानं खोल श्वास घेतला, पाण्यातून वर आल्यासारखा.

"हालू का?" त्यानं विचारलं.

"अमृत दिलंय की! दुसऱ्याला दे!"

उत्कर्षनं पुढच्याला मारलं. "अमृत!" त्यानं त्याच्या पुढच्याला. बाहेर बाण किंचाळत होते, धडाम्‌धुडूम चाललं होतं, पण अमृताला आवाज लागत नाही, हात लागतो. "अमृत! अमृत! ए, मला दे की!" वर्गाला एकदम जाग आली. पोरं खिडकीकडं धावली, एकमेकांना ढकलत, ओरडत, आया आठवत, अगदी लोहाऱ्याच्या स्टँडवरच्यासारखी. अल्ताफला तो गोंगाट इतका गोड वाटला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. धुरामुळंही आलं असेल.

शेवटी आत तिघं उरले. अल्ताफ, आरजू आणि खुर्चीतले साहेब. आरजूनं साहेबांच्या गुडघ्याला हात लावला.

"अमृत, साहेब."

साहेब उठले. फायलीसकट, स्वतःच्या फाटलेल्या चेहऱ्यातून, ते बाहेर पडले. 'भावपूर्ण' तेवढं खिडकीला लोंबत राहिलं.

मागच्या मैदानात चिंचेखाली सगळे जमले. प्रेम, देवश्री आणि तिसरा अजून पुतळेच होते. त्यांना अमृत देण्यावरून थोडी मारामारी झाली. वस्ती धावत आली. उत्कर्षच्या आईनं पोराला कवटाळलं आणि मग, सवयीनं, एक धपाटा दिला. शेड फुटून संपली होती. आता शिट्ट्या थांबल्या होत्या.

सोनटक्के साहेबांचा कंठ मोकळा झाला. "सर, एक सांगू? पॅटर्न जबरदस्त आहे. शेड पेटली आणि एक पोर घाबरलं नाही! पळालं असतं तर? बरोबर दाराकडं पळालं असतं, आणि दारात काय होतं? हे गड्याचं सोयाबीन! शिस्तीनं वाचली पोरं."

नारायणराव खाली बसून दम खात होते. "शिस्तीनं वाचली खरी," ते म्हणाले. "शिस्तीनंच जळणार होती, ते वेगळं."

दोघंही खरं बोलत होते, हीच पंचाईत होती.

उत्कर्ष त्याच्यापुढं येऊन उभा राहिला. हातात तांब्या. साहेबांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि हात पुढं केला. उत्कर्षनं साहेबांकडं पाहिलं, सरांच्या तळहातांकडं पाहिलं, आणि तांब्या सरांच्या हातांवर बारीक धारेनं ओतला. पार शेवटच्या थेंबापर्यंत. मग म्हणाला, "सर, ह्याला चिंचोका मिळतो का?"

"द्या की," नारायणराव म्हणाले. "पॅटर्न तुमचाच आहे."

तेवढ्यात आरजू आली. तिनं खिशातून लाल ठिपक्यांचे चिंचोके काढले, सगळे, आणि ओंजळ पुढं धरली.

"हे घ्या सर. म्या हालले. बोलले बी. सहल रद्द करायची तर माझ्या एकटीची करा. ह्यांची नगा करू."

"ठेव तुझ्याजवळ."

"आजून एक गोष्ट हाय. पर त्यातबी म्या चुकले." ती पायानं माती उकरायला लागली. "फटाक्याच्या दारूचा वास मला आदीच आला व्हता. जळक्या दारूचा. अम्मीच्या कपड्याला येतो, मला ठावं हाय त्यो. पर त्यो जळका व्हता."

"आधी म्हणजे? शिट्टी वाजली तेव्हा?"

"न्हाय. साहेब यायच्या आदी. तुमी आमाला रांगंत बसवत व्हता तवा."

तेव्हा दार उघडं होतं. गंजी शांत होती. साहेबांची गाडीही आली नव्हती. पोरांना हाताला धरून, गाणी म्हणत, ओढ्याच्या वरच्या अंगाला नेता आलं असतं.

"मग सांगितलं का न्हाईस गं?" अल्ताफनं विचारलं.

"तुमीच म्हणलं व्हतं," आरजू म्हणाली. तक्रार नव्हती तिची, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणाली. "जो बोलंल त्याच्यापायी समद्यांची सहल जाईल."

चिंचोके अजून तिच्या ओंजळीत होते. यास्मिनच्या नेलपॉलिशचे ठिपके उन्हात चकाकत होते. ते घ्यायला अल्ताफचे हात धजेनात, आणि घेता आलेही नसते.

तिकडं साहेबांनी फाईल उघडली. "सर, पोरं मोजायला हवीत. एकदा शिट्टी मारा बघू, एका दमात गोळा होतील."

पोरं चिंचेभोवती, आयांच्या पदराआड, विझत्या धुराकडं तोंड करून कुठं कुठं पांगली होती. शिट्टी खिशात होती. शिट्टीनं खरंच एका दमात झालं असतं, हे अल्ताफला पक्कं ठाऊक होतं. या जगात तेवढी एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती.

त्यानं घसा खाकरला आणि एकेकाला नावानं हाक मारायला सुरुवात केली. फार वेळ लागला. प्रेम हजर म्हणायच्या ऐवजी बाण कसा आला ते हातवारे करून सांगत बसला. देवश्रीला अखेर ती अडकलेली शिंक आली आणि तिच्यामागं तिघांना आली. उत्कर्षच्या आईनं उत्कर्षच्या वतीनं हजेरी दिली आणि वर शाळेच्या दाराबद्दल चार शब्द सुनावले. अल्ताफनं कुणालाच गप्प केलं नाही. सगळ्यांचं ऐकून घेतलं. साहेब घड्याळ बघत होते आणि त्यांना अजून पाणी मिळालं नव्हतं.

शेवटचं नाव राहिलं.

"आरजू."

"हजर," आरजू म्हणाली. मग जरा थांबली. अल्ताफला वाटलं, पुन्हा बोट ओठावर जातंय का काय. ते गेलं नाही.

"आन् सर, इचारलं न्हाय तुमी, पर सांगते. तुमच्या डाव्या चपलंतनं धूर निघायलाय."